हळदीच्या डब्यावरची चिठ्ठी
हळदीचा वास आला की माझ्या छातीत अजून धस्स होतं. लेक बारावीला बायोलॉजी इंग्रजीतून शिकत होती. तिचं पाठांतर घेता यावं म्हणून मीही शब्द शिकले, चिठ्ठ्यांवर लिहून डब्यांना चिकटवले. तिखटावर ‘अँटिजेन’, शरीरात घुसणारा शत्रू. हळदीवर ‘अँटिबॉडी’, त्याच्याशी लढणारी. कोरोना नुकताच ओसरला होता. अशात गरोदर धाकट्या जावेचा रक्ताचा रिपोर्ट मी अलकापुरीतल्या लॅबमधून आणायला गेले आणि रिक्षातच वाचला: ‘रुबेला अँटिबॉडी पॉझिटिव्ह’. रुबेलाचा पोटातल्या बाळाला धोका असतो, एवढं ऐकून होते. घरी धाकटी जाऊ हसत भाजी निवडत होती; तिची नजर चुकवून मी लेकीला बाल्कनीत ओढलं. रिपोर्ट वाचून ती गुजराती-मराठी मिसळत म्हणाली, “अरे मम्मी, शांती राख! अँटिबॉडी कुठल्या डब्यावर आहे?” “हळदीच्या.” “मग हळद आपली की शत्रूची?” तरी डॉक्टरीणबाईंनी फोनवर “हे आधीच्या लशीचं संरक्षण आहे, बाळ सुरक्षित आहे” म्हणेपर्यंत मी खुर्चीची कड सोडली नाही. तेव्हा पोटात असलेली पुतणी आता हळदीच्या दुधाला नाक मुरडते. चिठ्ठी मात्र मी काढलेली नाही. न जाणो, उद्या आणखी कुणाचा रिपोर्ट यायचा.