वडिलांच्या सदऱ्याचा वास

वडील गेल्यावर त्यांचा न धुतलेला सदरा मी वासासाठी कपाटात जपून ठेवला होता. तेराव्यानंतर मुकुंदवाडीच्या घरी आईनं तो धुऊन वाळत घातला. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मला रडण्याऐवजी व्याख्यानच सुचलं, आणि ते मी आईला ऐकवलं. वैशेषिक दर्शनाचे जुने पंडित म्हणतात, गुण द्रव्याला सोडून एकटा जात नाही. म्हणजे वासाबरोबर वडिलांचे कणही मोरीतून गेले. आजचे काही तत्त्वज्ञ तर वस्तूला निव्वळ गुणांची मोळीच मानतात; मग वास गेला की तो सदराही तोच उरत नाही.

आई म्हणाली, “लई शिकलास रे. वाळला की अंगात घाल आन् उन्हात हिंडून ये. बापासारखाच घाम हाय तुझा.”

दुपारी सदरा घालून निघालो. कोपऱ्यावर कुणी बघत नाही असं पाहून बाही हुंगली. नुसता साबण. मग स्टेशनापर्यंत चालत राहिलो.