रॉकची फळी, पॉपची फळी

भिंगारच्या बाजारात माझं कॅसेटचं दुकान. पाटी अजून आहे, पण कॅसेट कोण घेतंय आता. बायको होती तोवर आम्ही दोघं सकाळी जाऊन शटर उघडायचो आणि दुपारी जेवायला परत यायचो, गिऱ्हाईक असो नसो. ती गेली आणि मला ते शटर एकट्याला उचलवेना. मुलगा सुप्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, मोबाईल दुरुस्तीवाला जागा मागतोय, देऊन टाकू. बरोबरच होतं त्याचं. नुसत्या भिंती बघत बसायला दुकान कशाला पाहिजे.

भजनाच्या कॅसेट देवळात दिल्या. हिंदी-मराठी पाहुण्यारावळ्यांनी नेल्या. राहिल्या इंग्रजी, बायकोनं लावलेल्या दोन फळ्या. त्या कोणी हात लावून बघेना. शेवटी मेजर तयार झाला. मेजर म्हणजे हुद्द्यानं नव्हे, आमच्याकडं फौजेतल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. हे माझं जुनं गिऱ्हाईक, रिटायर होऊन इथंच घर बांधून राहिलेलं. तो म्हणाला, "शेठ, रॉक तेवढं नेतो. कपाट एकच मोकळं हाय. पॉप मला नको." म्हणजे रॉक ठरेल ते मेजरच्या घरी जाणार आणि पॉप ठरेल ते भंगारात. सोपं वाटतं ऐकायला. पण रॉक कुठलं आणि पॉप कुठलं, यावर आमचं नवरा-बायकोचं उभा जन्म भांडण झालेलं.

मी सातवी शिकलेला, ती त्याहून कमी. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. पण दुकान छावणीला लागून. देशभरातले जवान यायचे, आपापल्या कॅसेट घेऊन यायचे आणि त्यावरून दुसरी भरून मागायचे. कॅसेट भरून देणं हाच खरा धंदा होता. ती भरताना मी माझ्यासाठी पण एक भरून ठेवायचो. मग दुसरा कोणी येऊन विचारायचा, रॉक आहे का, पॉप आहे का. काढून तर द्यायला पाहिजे. म्हणून दोन फळ्या केल्या, वर रॉक, खाली पॉप.

पहिल्यांदा आम्ही फोटो बघून लावल्या. केस वाढलेले, तोंडं रागीट, ते रॉक. भांग पाडून हसणारे ते पॉप. डोंगराकडचा एक जवान होता, गिटार वाजवायचा, तो फळ्या बघून हसायला लागला ते थांबेचना. निम्म्या चुकल्यात म्हणाला. मी म्हटलं, मग कशावरून ओळखायचं ते तू सांग. तर त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं तिथंच जुंपलं. एक म्हणे, गिटार कडक वाजली की रॉक. दुसरा म्हणे, मग या गाण्याला का पॉप म्हणतोस, याच्यात गिटार नाही का? एक म्हणे, रॉकवाले स्वतःची गाणी स्वतः करतात. दुसऱ्यानं लगेच लोकांची गाणी गाणाऱ्या रॉकवाल्याचं नाव काढलं. चहा गार झाला आणि निकाल काही लागला नाही. त्या दिवशी मला कळलं, की हे इंग्रजी येणाऱ्यांना पण ठाऊक नाही.

मग मी माझी खूण काढली. भरायच्या मशीनवर दिव्यांची रांग असते. आवाज बेताचा असला की हिरवे दिवे लागतात, चढला की शेवटचे लाल. मी म्हटलं, लाल लागला की रॉक, हिरव्यात राहिलं की पॉप. बिनचूक खूण. दोन-चार दिवस मी जाम खूश होतो.

बायको मागं बसून तांदूळ निवडायची. माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं, तांदूळ तिकडूनच यायचा, त्यामुळं निवडायचं काम कायम असायचंच. ती उठली. मशीनमध्ये भजनाची कॅसेट घातली, बटण फिरवून आवाज चढवला. विठ्ठलाचं नाव आलं आणि लाल दिवा भक्कन लागला.

"घ्या," ती म्हणाली. "हे बी रॉकच्या फळीवर ठेवू का?"

समोर गिऱ्हाईक उभं. मी बटण फिरवून आवाज कमी केला.

तिची खूण वेगळी होती. ती म्हणायची, गाण्याबरोबर माझा हात तांदळात चालत राहिला तर ते पॉप. हात थांबला तर रॉक. मी म्हणायचो, हात खडा लागला म्हणून थांबतो. ती म्हणायची, "खडा मला बोटाला कळतो, तुम्ही नका सांगू." एकदा लग्नाच्या बँडवाल्यानं आमच्याकडून एक रॉक भरून नेलं आणि वरातीत वाजवलं. पोरं बेभान नाचली, आठ दिवसांत सगळ्या भिंगारच्या तोंडी तीच चाल. मी म्हटलं, बघ, झालं का नाही पॉप, हलव आता खालच्या फळीवर. तिनं हलवलं नाही. ती म्हणाली, नाचणारे बदलले, गाणं तेच आहे. ती दुकानात नसताना हलवावं असं मी मनात आणलं, पण फळी तिची, तिला लगेच कळलं असतं.

एका कॅसेटवर मात्र आमचं कधीच जमलं नाही. कुणी बाई गायलेली. नाव आम्हाला माहीत नाही, वरचा कागद फाटला म्हणून बायकोनं कॅलेंडरचा तुकडा चिकटवलेला. एकच गिटार, बाई सावकाश गाते, ओरडत नाही. लाल दिवा सोडा, हिरवे पण सगळे लागत नाहीत. मी म्हणायचो पॉप. तिचा हात त्या गाण्यात मध्ये एका जागी थांबायचा, दर वेळी त्याच जागी. ती म्हणायची रॉक. मी खाली ठेवायचो, ती वर ठेवायची. वर्षानुवर्षं ती कॅसेट अशी चढत-उतरत राहिली.

ती आजारी पडली, अंथरुणाला खिळली. उजवं अंग लुळं पडलं, त्यात तो हातही गेला. मी छोटा टेप घरी आणला आणि तीच कॅसेट लावली. करमणूक व्हावी म्हणून म्हटलं, "आता कशावरनं ठरवशील?"

ती बराच वेळ ऐकत होती. म्हणाली, "आता हात थांबलेलाच हाय. आता सगळंच रॉक."

मी हसलो. ती पण हसली. मग मी बाहेर जाऊन नळ चालू करून उभा राहिलो.

तर मेजर आला, खोकी घेऊन. दुपारभर आम्ही निवडत बसलो. बऱ्याचशा कॅसेट झटकन ठरल्या. अडल्या त्या मशीनवर लावून ऐकल्या. मेजर अंगठा वर करायचा नाहीतर भंगाराच्या ढिगाकडं बोट दाखवायचा. शेवटी ती बाईची कॅसेट आली. त्यानं अर्धं गाणं पण ऐकलं नाही.

"हे पॉप," तो म्हणाला. "सरळ पॉप. जाऊ द्या."

इतक्या वर्षांत पहिला माणूस माझ्या बाजूनं बोलला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, असं अर्ध्यातून निकाल देऊ नका, बसा, मागं घेऊन परत लावतो. परत लावली. ती जागा आली तेव्हा मी त्याला म्हटलं, इथं ऐका, इथं बाई श्वास घेते आणि मग गातच नाही, गिटार एकटी चालते. हे पॉपवाला करील का? तो म्हणाला, करील की, लई जण करतात. मी म्हटलं, लई जणांचं सांगू नका. आवाज चढला माझा. बायकोची सगळी बाजू मी मांडली, तिनं सुद्धा एवढी कधी मांडली नसेल. तांदळाचं तेवढं सांगितलं नाही.

मेजरनं मशीन बंद केलं. "शेठ, तुमचं सोताचं मत काय हाय?"

"पॉप."

"मग माझ्याशी का भांडताय?"

"ती रॉक म्हणायची. रॉकच्या खोक्यात घाला."

त्यानं कॅसेट खोक्यात ठेवली. मी ती उचलून पार तळाशी सरकवली, म्हणजे घरी जाऊन पहिल्या झटक्यात काढून टाकायला नको. बाकीची पॉपची फळी त्याच संध्याकाळी भंगारवाल्यानं पोत्यात भरली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

टेम्पोत खोकी चढवून झाल्यावर मेजर पुढं बसला. मी खिडकीशी जाऊन त्याला सांगितलं, त्या बाईच्या कॅसेटवर आमचं नवरा-बायकोचं एकमत नाही, कुणी विचारलं तर तसंच सांगा. तो बरं म्हणाला.