बंदरावरून परत फिरलेली राजकन्या

नागपूरच्या विमानतळावर मीनल रडली नाही. २००४ चा जानेवारी. तिच्या लग्नाला महिना झाला होता. सुट्टी संपली म्हणून तिचा नवरा अमोल आधीच अमेरिकेला परतला होता, त्यामुळे व्हिसाचा शिक्का मिळाल्यावर माझ्या या धाकट्या बहिणीला शिकागोजवळच्या नेपरव्हिलला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. आई तिची साडी पुन्हा पुन्हा नीट करत होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू आहेस ना तिथं, मग आम्हाला काय काळजी!" मी मान खाली घातली. निरोपाचं वाईट वाटतंय, असं त्यांना वाटलं.

वाईट कशाचं वाटत होतं, ते आज लिहिते. घरी राहिलेल्यांसाठी लिहिते, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या, गावाकडच्या मुलींना उत्साहाने स्थळं सुचवणाऱ्या बायकांसाठीही.

मी २००१ साली नवऱ्याबरोबर, संजयबरोबर, इकडे आले. तो सकाळच्या ट्रेनने डाउनटाउनला जायचा, मी डिपेंडंट व्हिसावर घरात. नोकरी करायची परवानगी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. दिवसभर माणसाचा आवाज ऐकू यायचा नाही. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये अमोल राहायचा. पुण्याचा, सभ्य, संजयचा मित्र. त्याचे आईवडील मुलगी शोधत होते. मीनलचं नाव मीच सुचवलं. वरवर म्हणायला तिचं कल्याण. आतून मला माझं माणूस हवं होतं.

बोलणी ठरत आली तेव्हा एका सकाळी पार्किंग लॉटमध्ये अमोल गाडीवरचा बर्फ खरवडता खरवडता थांबला. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. माझं जर्सी सिटीतल्या एका मुलीवर मन आहे. आई ऐकतच नाही. तुम्ही तुमच्या घरी सांगून हे कॅन्सल करा ना, प्लीज."

मी म्हणाले, "लग्न झालं की सगळं बसतं हो जागेवर."

तो पुन्हा बर्फ खरवडू लागला. संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि मुलगा चांगला आहे म्हणून सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "तू पाहिलं ना? मग झालं."

मीनल आली आणि माझे रिकामे दिवस भरून गेले. तोवर मी गाडी शिकले होते. तिला रोज पब्लिक लायब्ररीत नेऊन सोडायची, दुपारी आणायची. तिचं इतिहासात एम.ए. झालेलं. तिथे तिला मध्ययुगीन इंग्लंडच्या राजकन्यांवरची पुस्तकं सापडली आणि तिने ती एकामागून एक वाचायला घेतली. कुणाचं लग्न पाळण्यात असतानाच ठरलेलं, कुणाला दहाव्या वर्षी परक्या भाषेच्या दरबारात पाठवलेलं. गाडीत बसली की तिच्या गोष्टी सुरू. नवऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. अमोल सोमवारी प्रोजेक्टवर जायचा, शुक्रवारी यायचा, पुढेपुढे वीकेंडलाही यायचा नाही. मला दिसत होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

दीड वर्ष असं गेलं. मग एकदा लायब्ररीसमोर गाडीत बसल्यावर ती बेल्ट न लावताच बोलू लागली.

"ताई, एका राजाच्या दोन मुली होत्या. धाकटी स्पेनच्या राजपुत्राशी लग्न करायला निघाली. सोबत लवाजमा, लग्नाचा पोशाख, सगळं. वाटेत फ्रान्समध्ये प्लेग होता. पोर तिथंच गेली. तीनेक वर्षांनी थोरलीचं लग्न ठरलं, तेही समुद्रापलीकडे. जहाजं तयार होती. ती बंदरापर्यंत गेली आणि म्हणाली, मी नाही जात. परत आली."

"मग? राजा चिडला असेल."

"नाही गं. घरात घेतलं. पुढं पुष्कळ वर्षांनी तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "अशा लग्नांआधी राजे आपली माणसं पाठवायचे, तिकडचं घर पाहून यायला. ताई, तुला अमोलच्या त्या मुलीचं आधीपासून माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या अपार्टमेंटवर गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पार्किंग लॉट, बर्फ, त्याचं ते 'प्लीज'. ती कपड्यांच्या घड्या करत होती. ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. हातातली घडी पूर्ण करून ती म्हणाली, "माझं तिकीट काढ. आणि बाबांना तू सांगायचं. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. फोनवर बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला म्हणावं, ये घरी." माझ्याबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

अमोलने घटस्फोटाला काही आडकाठी केली नाही. तो वाईट नव्हता. त्याने सांगायचं ते सांगितलं होतं, फक्त चुकीच्या माणसाला.

मीनल आता नागपूरच्या एका कॉलेजात शिकवते. माझ्याशी भांडत नाही. वाढदिवसाला ईमेल येतं, खाली 'काळजी घे' असतं. दर वर्षी माझं तिकीट कुठल्यातरी कारणाने पुढे ढकललं जायचं. इकडे आमचं टाउनहाउस झालं, मुलगी झाली. ती बोलायला लागली तीही इंग्लिशमध्येच. लोक विचारायचे, इंडियाला घरी कधी जाणार? मी म्हणायचे, बघू.

शेवटी या वर्षी, २००८ च्या मार्चमध्ये गेले. बाबा थकलेत. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, मला प्रवासाचं विचारलं. आईने माझी पथारी बाहेरच्या खोलीत घातली होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी चादर अंथरून. आतल्या ज्या खोलीत आम्ही दोघी बहिणी झोपायचो, तिथे आता मीनलची पुस्तकं, पेपरांचे गठ्ठे, तिचं टेबल. दाराशी गेले, पण आत पाऊल टाकायच्या आधी थांबले. स्वतःच्या घरात मी कधी परवानगी मागितली नव्हती.

"येऊ का?" मी विचारलं.

मीनलने तपासायचा पेपर बाजूला ठेवला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीवरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला.

"बैस," ती म्हणाली. "एवढा एक पेपर संपवते."

मी बसले. तिचा एक पेपर संपला, मग दुसरा, मग तिसरा. मी उठले नाही.