मर्ज झालेला कॉल

ही हकिकत सांगायची मी काही वर्षं टाळली. रिटायर झालो तेव्हा लोक म्हणाले, हवालदार साहेब, नोकरीतलं काही सांगा. मी चोऱ्यांचे दोन किस्से सांगून मोकळा झालो. हा सांगितला नाही. घरीही नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होतो. नाव लिहीत नाही, कारण आज तिथे वेगळी माणसं आहेत. शेवटची दोन वर्षं माझी ड्यूटी ११२ च्या गाडीवर होती. तुम्ही ११२ लावला की तो कॉल कंट्रोल रूमला जातो आणि तिथून आमच्या गाडीतल्या टॅबवर येतो. त्याला ‘इव्हेंट’ म्हणतात. ज्याने आधी फोन केला, त्याचं नाव वर येतं, खबर देणारा म्हणून. आम्ही जागेवर जायचं, काय ते पाहायचं आणि तीन-चार ओळींत रिमार्क लिहून इव्हेंट क्लोज करायचा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही नाकाडोंगरीच्या रस्त्यावर उभे होतो. मी आणि ड्रायव्हर मडावी. टॅब वाजला. ‘कोर्टाचा बेलिफ. गाडी जप्तीत अडथळा. पोलीस मदत हवी.’

बेलिफ म्हणजे कोर्टाचा कर्मचारी. नोटिसा पोचवतो, जप्ती करतो. त्याला पोलीस लागले तर कोर्टातून ठाण्याला पत्र येतं, ठाणेदार तारीख देतात, मग आम्ही बंदोबस्ताला जातो. इतक्या वर्षांत एकाही बेलिफाने रस्त्यावरून फोन लावून पोलीस बोलावल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मडावी म्हणाला, "साहेब, बेलिफ कायले फोन करन? त्याच्यापाशी तं कोर्टाचा कागद रायते."

"जाऊन पाहू," मी म्हणालो.

म्हणजे संशय मला तिथेच आला होता. हे आधी लिहून ठेवतो. पुढे चौकशीत मी सांगितलं की मला काही वेगळं वाटलं नाही.

आंबागडच्या बाजूचं गाव. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला ढिवरांची वस्ती. एका घरासमोर तीनचाकी मालगाडी उभी होती. मागे थर्माकोलचे डबे, त्यातून बर्फाचं पाणी गळत होतं. ड्रायव्हरच्या सीटवर एक बाई हँडल धरून बसली होती. मंदाबाई. नवरा तलावावर जाळं टाकायचा, ही मासळी तुमसरच्या बाजारात न्यायची. गाडी तिच्या नावावर होती. गाडीसमोर तीन माणसं. एक पांढऱ्या शर्टातला, हातात फाइल. दोघं नुसते उभे.

"साहेब, या लोकायले सांगा ना," मंदाबाई म्हणाली. "गाडी माही आहे. सारे हप्ते भरले मी. पावत्या आहेत घरात."

"सर, आपल्याकडे ऑर्डर आहे," पांढरा शर्ट म्हणाला. "बाई उतरूनच नाही राहिल्या."

"कोणत्या कोर्टाचे तुम्ही?"

"वरच्या."

"वरच्या म्हणजे कोणत्या?"

"सर, ऑर्डर पाहून घ्या ना. सब क्लिअर है."

"ओळखपत्र?"

"गाडीत राहिलं, सर."

मंदाबाई तिथूनच बोलली, "त्याले इचारा साहेब, तो आला कोणत्या गाडीनं. तिघं एका मोटारसायकलवर आले ना हे कोर्टवाले."

त्याने प्लास्टिकच्या कव्हरातला कागद दिला. इंग्रजी. खाली गोल शिक्का. मी वाचला. तो कोर्टाचा आदेश नव्हता, लवादाचा होता. लवाद म्हणजे पंच. अशा कंपन्यांच्या करारात हा पंच बहुतेक कंपनीच नेमते आणि तो दूरच्या शहरात बसतो. त्याच्या कागदावर कोणाला परस्पर गाडी ओढून नेता येत नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. हे मला माहीत होतं. हा माणूस बेलिफ नव्हता. फायनान्स कंपनीचा वसुलीवाला होता.

मी बाजूला जाऊन ठाणेदार साहेबांना फोन लावला.

"साहेब, बेलिफ म्हणतोय, पण कागद लवादाचा दिसतो."

"जप्तीचाच आहे ना?"

"आहे, पण—"

"मग सिव्हिल मॅटर आहे. आपण मधात पडायचं नाही. भांडण होऊ देऊ नका आणि क्लोज करा. मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त आहे, गाडी मोकळी पाहिजे मला."

मी परत आलो आणि मंदाबाईला म्हणालो, "बाई, उतरा. पावत्या घेऊन या, मी पाहतो."

"मी उतरली का हे गाडी नेतीन."

"मी आहे ना इथं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग युनिफॉर्मकडे पाहिलं. आणि उतरली.

ती घरात गेली, तोवर त्यातला एक जण सीटवर बसलाही होता. चावी गाडीलाच होती. मडावीने विचारलं, "साहेब, आडवी लावू का आपली गाडी?"

"नको," मी म्हणालो.

मालगाडी निघाली. पांढरा शर्ट दुसऱ्या माणसाला घेऊन मोटारसायकलवर मागे गेला. जाताना "थँक यू सर" म्हणाला.

मंदाबाई पावत्यांची पिशवी घेऊन बाहेर आली. ती ओरडली नाही. रिकाम्या जागेकडे पाहिलं, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर उभं राहून ११२ लावला.

"हॅलो, माही गाडी चोरून नेऊन राहिले. आत्ताच नेली. मासळी आहे त्याच्यात... हो, पोलीस आहेत ना इथं. उभे आहेत. तुमी दुसरे पोलीस पाठवा."

बघ्यांमधलं कोणीतरी हसलं. मला राग आला. तिचा.

दोन मिनिटांत कंट्रोलचा मला फोन. "तुमच्या लोकेशनवरूनच आणखी एक कॉल आहे. महिला कॉलर. सेम इव्हेंट का?"

हे नीट समजून घ्या. रस्त्यावर अपघात झाला की दहा जण फोन करतात. दहा गाड्या जाऊ नयेत म्हणून ते सगळे कॉल एकाच इव्हेंटला जोडतात. त्याला मर्ज करणं म्हणतात. सोयीची पद्धत आहे. पण जोडल्यावर वर नाव राहतं ते पहिल्या माणसाचं. बाकीचे आत जातात, मुद्दाम उघडून पाहिलं तरच दिसतात.

पहिला कॉल जप्तीत अडथळ्याचा होता. दुसरा गाडी चोरल्याचा. या दोन वेगळ्या तक्रारी होत्या, आणि दुसरी पहिला कॉल करणाऱ्याच्याच विरुद्ध होती.

"सेम आहे," मी म्हणालो. "मर्ज करा."

मंदाबाईने पिशवी पुढे केली. मी वरची पावती पाहिली. शेवटचा हप्ता, कंपनीचा शिक्का, सही. "कंपनीत जाऊन बोला," असं सांगून मी गाडीत बसलो. टॅबवर रिमार्क टाकला: ‘न्यायालयीन कार्यवाही शांततेत पार पडली. अनुचित प्रकार नाही.’

आठ-दहा दिवसांनी तिचा तक्रार अर्ज वरिष्ठांकडून आमच्या ठाण्यात चौकशीला आला. साहेबांनी इव्हेंटचा प्रिंट काढला आणि मला बोलावलं.

"बाई म्हणते, मी ११२ ला फोन केला, तरी पोलिसांनी गाडी जाऊ दिली. रेकॉर्डवर तर एकच कॉल आहे. बेलिफाचा. तिने केला होता का?"

मर्ज झालेले कॉल कुठे उघडतात ते साहेबांना ठाऊक नव्हतं, मला होतं. ते उघडलं असतं तर तिच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं गेलं असतं. ‘पोलीस आहेत ना इथं. उभे आहेत.’ त्यानंतर ‘मर्ज करा’ कोणी म्हटलं, तेही निघालं असतं. माझ्या रिटायरमेंटला पाच महिने होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "एकच होता."

तिला ठाण्यात बोलावून समज दिली. अर्जावर शेरा पडला: ‘तक्रार खोटी व खोडसाळ.’ मी शेजारच्या टेबलावर होतो.

"साहेब, तुमी तं माह्यापुढंच उभे होते," ती मला म्हणाली. "सांगा ना यायले. मी फोन लावला का नाही?"

मी रजिस्टरची पानं उलटत राहिलो. ती खोटारडी असल्याचं गावभर झालं. मासेमारी संस्थेत ती पदावर होती, तेही गेलं असं मडावीने सांगितलं. तो मला मुद्दाम सांगायचा.

काही लोकांना वाटलं, मी पैसे खाल्ले. खाल्ले नव्हते. मला फक्त तो दिवस त्रासाविना संपवायचा होता.

यानंतर मी एकट्याने शोध घेतला. टॅबवर त्या पांढऱ्या शर्टाचा नंबर टाकून पाहिला. आमच्याच हद्दीत तोच नंबर, तोच ‘बेलिफ’, आधी दोनदा. दोन्ही वेळा ‘शांततेत पार पडली’. कोर्टात जाऊन नाझरांना विचारलं. बेलिफ त्यांच्या हाताखाली असतात. ते म्हणाले, "या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. कोण विचारतंय?" मी म्हणालो, "सहज." आणि आलो.

त्याची युक्ती मला तेव्हा कळली. तो पोलिसांना मदतीला बोलावत नव्हता. घरच्या माणसांना दारात वर्दी दिसावी म्हणून बोलावत होता. आणि आधी फोन करत होता, म्हणजे कागदावर तोच तक्रारदार.

पेन्शन सुरू झाल्यावर मी वर अर्ज केला. तिन्ही इव्हेंटचे नंबर दिले, मंदाबाईचा कॉल आत आहे हे लिहिलं. चौकशी पुन्हा उघडली. तिचा कॉल सापडला, शेरा रद्द झाला, त्या माणसावर गुन्हा दाखल झाला. गाडी तोवर विकली गेली होती. ती मिळाली नाही.

पण त्या अर्जात मी लिहिलं होतं: ‘नजरचुकीने कॉल मर्ज झाला.’ ते रेकॉर्डवर तसंच आहे. म्हणून हे लिहितोय. नजरचूक नव्हती. मी कागद वाचला होता, मला सगळं दिसत होतं.

आजही ११२ वर असलेल्या पोरांना एवढंच सांगेन: आधी फोन करणारा खरा असतोच असं नाही, आणि सेम म्हणायच्या आधी दुसऱ्याचं ऐकून घ्या.

मागच्या हिवाळ्यात तुमसरच्या बाजारात गेलो. मुद्दाम गेलो. ती ओट्याच्या टोकाला बसली होती. आता मासळी दुसऱ्याच्या गाडीत भाडं देऊन आणते, असं कळलं होतं. काय बोलायचं ते मी घरून ठरवून निघालो होतो, दोन वाक्यं होती. समोर उभा राहिलो. तिने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"काय साहेब, आज इकडं काहून?"

बाजूच्या दोघी बायका बघायला लागल्या.

"बाई, मी..." म्हणालो, आणि ओट्यावरच्या मासळीकडे पाहिलं. तिच्या हातातली सुरी तशीच होती.

"अर्धा किलो कतला द्या," मी म्हणालो.