नदीपारचं उपकेंद्र आणि चार घरांचा फरक

आलापल्लीला बस चहासाठी थांबली तेव्हा मोबाईलला शेवटचं धड नेटवर्क होतं. तेवढ्यात माझ्या गाइड मॅडमचं उत्तर आलं. प्रबंधाचं चौथं प्रकरण मी त्यांना निघण्याआधी पाठवलं होतं. उत्तर छोटं होतं: "दोन्ही स्पेक्ट्रम सारखे आहेत हे पटलं. पण ग्रुपसकट सारखे आहेत का? मीही मागच्या वेळी हे वाचून पुढे गेले होते. परत बघ." चहा तसाच ठेवून मी बसमध्ये जाऊन बसले.

मी बाईकडे निघाले होते. आमच्या कुरखेड्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती भामरागडच्या पुढे, नदीपारच्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची नर्स आहे. दोन-तीन दिवस तिच्याकडे राहायचं, परत यायचं आणि पुढच्या आठवड्यात एका कार्यशाळेत ऑनलाइन व्याख्यान द्यायचं, असं ठरलं होतं. व्याख्यान त्याच चौथ्या प्रकरणावर होतं. शिवाय दूरच्या एका विद्यापीठातला माझा मित्र त्यातल्या एका लेमावर, म्हणजे पुढच्या सिद्धतांना आधार देणाऱ्या छोट्या विधानावर, आपला अर्धा शोधनिबंध उभा करून बसला होता.

तो लेमा काय होता, ते सांगून बघते. आकार ताणले, दाबले, तरी त्यांच्यात जे टिकून राहतं त्याचा अभ्यास म्हणजे होमोटोपी. त्यात स्पेक्ट्रम नावाच्या वस्तू असतात. प्रत्येक स्पेक्ट्रमची माहिती ओळीने मांडलेल्या घरांत भरलेली असते: शून्याच्या घरात काय, एकच्या घरात काय, उलट्या बाजूला उणे एकच्या घरात काय. क्रोमॅटिक पद्धतीत हे सगळं थरांत वेगळं करतात, पांढऱ्या उजेडातून रंग वेगळे करावेत तसं. प्रत्येक थरात एक मुख्य स्पेक्ट्रम असतो आणि एक ग्रुप त्याला आतल्या आत फिरवत असतो. आता या स्पेक्ट्रमचा ड्युअल घ्यायचा, म्हणजे त्याला उलट्या बाजूने वाचायचं. नवल असं की जे मिळतं तो पुन्हा तोच स्पेक्ट्रम असतो, फार तर काही घरं सरकलेला. ग्रुप विसरलात तर हे सोपं आहे. ग्रुपचं फिरवणं लक्षात घेऊन पाहिलंत तर त्या सरकण्यात पीळ पडू शकतो. माझा लेमा म्हणत होता की छोट्या ग्रुपपुरता असा पीळ पडत नाही.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी नदी चढली. सकाळी घाटावरची होडी बांधून टाकली, दुपारी वीज गेली, आणि संध्याकाळपर्यंत फोनवर कशाबशा येणाऱ्या एक-दोन काड्याही गेल्या.

"होते असं," बाई म्हणाली. "पाणी उतरू दे."

"कधी उतरते?"

"ते त्यालेच माहीत."

बाईच्या क्वार्टरला लागून एक खोली होती. नदी चढायच्या आधी आसपासच्या पाड्यांतल्या दिवस भरत आलेल्या बायांना तिथे आणून ठेवतात. त्या वेळी दोघी होत्या. एक पहिलटकरीण माडिया मुलगी, सोबत तिची सासू. दुसरी जरा मोठी, एकटीच आलेली. मुलगी दिवसभर पायरीवर नदीकडे तोंड करून बसायची. तिला घरी जायचं होतं. भाताचा रोवणा अर्धा राहिला होता आणि इथे बसून खाणं तिला सहन होत नव्हतं. बाई मोडक्या माडियात तिला समजवायची, ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा नदीकडे बघायची.

माझी गत तिच्याहून वेगळी नव्हती. मी दिवसातून कितीदा तरी घाटावर जाऊन यायची. एकदा बाईला म्हणाले, "कोणाचा डोंगा असन तं मी निघतो. मले गेलंच पाहिजे."

"डोंग्यानं? मागं काय झालं ते गावाले इचार."

"मायं व्याख्यान आहे, बाई."

"तुले आताच कोंडल्यावानी झालं काय?" ती सिरिंज मोजत होती, वर न बघता म्हणाली. "मी दरसाल बदली मागून राह्यली. मले कोणी इचारलं काय?"

त्यानंतर मी घाटाचं नाव काढलं नाही.

कागद संपले तेव्हा बाईने लसीकरणाची जुनी पोस्टरं काढून दिली. पाठीमागची बाजू कोरी होती. व्हरांड्यात सतरंजीवर मी ती पसरली आणि लेमा पहिल्या ओळीपासून परत तपासायला घेतला. माझ्या वरच्या थराचं मोठं गणित हाताने होत नव्हतं, म्हणून सगळ्यात खालचा थर घेतला आणि दोनच घटकांचा ग्रुप. हे गणित एकेका मूळ संख्येपुरतं वेगळं मांडतात. तीन या मूळ संख्येवर पाहिलं तर सगळं जुळलं. हे मी आधीही पाहिलं होतं, त्याच भरवशावर लेमा लिहिला होता. मग दोन या संख्येवर तेच मांडलं.

तिथे ग्रुपच्या फिरवण्यातून जे उरतं, त्याचा नमुना आठ घरांचा असतो. शून्याच्या घरात पूर्णांक, पहिल्या आणि दुसऱ्या घरात दोन-दोन घटकांचे छोटे ग्रुप (फिरवणारा ग्रुप वेगळा), तिसरं रिकामं, चौथ्यात पुन्हा पूर्णांक, पुढची तीन रिकामी. मग पुन्हा हेच. हा नमुना कुठलाही विद्यार्थी पाठ म्हणून दाखवील. ड्युअल घेताना ओळ उलटी होते आणि ते छोटे ग्रुप आणखी एकेक घर मागे जातात. मी उलटून मांडलं. छोटे ग्रुप पहिल्या-दुसऱ्या घरात यायला हवे होते. ते पडले पाचव्या आणि सहाव्या घरात.

चार घरांचा फरक होता, म्हणजे पीळ होता. ग्रुप विसरला तर नमुना दर दोन घरांनी परत येतो, तिथे चारचं सरकणं दिसतच नाही. तीन या संख्येवर तो दर चार घरांनी परत येतो, तिथेही दिसत नाही. जिथे दिसलं असतं, तिथे मी बघितलंच नव्हतं.

पोस्टर बदलून पुन्हा मांडलं. उत्तर तेच. मी भिंतीला टेकून बसले.

बाई ताक घेऊन आली. "चुकलं काय?"

"हो."

"मंग सरळ कर."

"सरळ होण्यासारखं नाई. खोटंच आहे ते."

"मंग तसं सांगून टाक."

"कोणाले सांगू? टॉवर कुठी आहे?"

हे बोलताना मला जरा बरंच वाटलं. नेटवर्क नाही तोवर मला कुणी काही विचारणार नव्हतं. नदीने मला कोंडलं होतं, तसं लपवलंही होतं.

पुढे एका दुपारी ती मुलगी पायरीवरून उठून आत आली आणि डोकं धरून बसली. सासूने बाईला हाक मारली. मुलीचं तोंड आणि पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाईने बीपीचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, परत बांधला. तिचा आवाज एकदम खाली आला. तिने इंजेक्शन भरलं, गावातल्या दोन माणसांना घाटावर पिटाळलं. पलीकडे बचावाची मोटारबोट होती. त्या दोघांनी बांबूला लाल लुगडं बांधून हलवलं. बराच वेळ पलीकडे काही हाललं नाही, मग बोट सुटली.

मुलीला खाटेसकट घाटावर नेलं. मागोमाग मी माझी बॅग घेऊन गेले. बाईने बॅगेकडे पाहिलं.

"बोटीत ही, हिची सासू अन् मी. जागा नाई."

"पुढच्या फेरीत?"

"पुढची फेरी कोण पाह्यली? अन् तिथं खोलीत दुसरी बाई एकटी आहे. तिचं पोट दुखलं तं दाईले बोलाव. घाबरू नको." मग हात पुढे केला. "फोन दे. माया बंद पडला. तिकडं टॉवर असन. आईले सांगतो, तू बरी आहेस म्हणून."

चार्जिंग टिकावं म्हणून बंद ठेवलेला फोन खिशात होता. मी तो काढून सुरू केला आणि लगेच दिला नाही. बोटवाला ओरडत होता. उभ्या उभ्या मी तीन संदेश लिहिले. मॅडमना लिहिलं की लेमा चुकीचा आहे, दोनवर चार घरांचा फरक येतो. मित्राला लिहिलं की त्यावर काही बांधलं असशील तर थांब. कार्यशाळेला लिहिलं की व्याख्यान रद्द करा. तिन्ही पाठवले, तिन्ही आउटबॉक्समध्ये अडकले; पलीकडे टॉवर लागला की सुटणार होते. मग फोन बाईच्या हातात दिला. प्रवाहाने बोटीला तिरपं नेलं, तरी ती पलीकडे लागली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. त्या दुसऱ्या बाईला माझी मराठी कळत नव्हती, मला तिची माडिया. आम्ही एका चुलीवर भात करायचो. ती जरा कण्हली की मी हातातलं टाकून तिच्याजवळ जायची. मी बाईचं कपाट उघडून हातमोजे, नाळ कापायची पाती, कापूस असं सगळं एका ताटात मांडून ठेवलं होतं, आणि ते वापरावं लागू नये म्हणून दिवसभर मनात विनवण्या करत होते. लागलं नाही. पोस्टरांना मी हात लावला नाही.

बाई परत आली ती पाण्याला उतार पडल्यावर. ओसरीवर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायली.

"पोरगी झाली. लहानशी आहे, काचेच्या पेटीत ठेवली. मायले झटके आले होते, पण वाचली."

मग तिने फोन दिला. मॅडमचं उत्तर होतं: "चार बरोबर. तुझ्या वरच्या थरात किती, ते आता काढावं लागेल." मित्राचं एका ओळीचं: "कळलं. निबंध मागे घेतो." पुढे आमचं बोलणं तुटलं नाही, पण पहिल्यासारखंही राहिलं नाही.

प्रबंधाला आणखी दीड वर्ष लागलं. चौथ्या प्रकरणातलं मूळ विधान गेलं. त्या जागी एका खास बाबतीत सिद्ध केलेला छोटा निकाल आला, आणि शेवटी एक प्रश्न: बाकीच्या बाबतींत पीळ नेमका किती? तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, हा प्रश्न सुटेल असं वाटतं का? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

तो पीळ अजून मोजून झालेला नाही. रोज सकाळी मी त्याच्यापुढे बसते. एखाद्या दिवशी थोडं हालतं, बाकी दिवस नाही.