पाच चित्रे आणि माझा शेरा

अणदूरला आमच्या स्वयंपाकघरात, एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, मी माझ्या पत्नीची बुद्धी घड्याळ लावून मोजली होती. इंदुमती जाऊन परवा सव्वा महिना झाला. तिच्याविषयी आपण सर्वांनी या स्मरणवहीत जे लिहिले, ते मी वाचले… एक गोष्ट मात्र आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. ती सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे.

जिल्हा परिषद नुकतीच स्थापन झाली होती, तेव्हाचा हा प्रसंग. मी तिथल्या हायस्कुलात शिक्षक होतो आणि शिक्षणशास्त्राच्या वरच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहीत होतो. विषय होता, निरोगी प्रौढ माणसांतील उतावळेपणा आणि बुद्धी यांचा संबंध. जो घाई करतो त्याची विचारशक्ती कमी, हे मी मनाशी आधीच ठरवून टाकले होते.

चाचणी साधी होती. ज्वारीच्या शेताची पाच चित्रे… नांगरणी, पेरणी, खुरपणी, काढणी आणि खळे. ती पिसून समोर ठेवायची आणि क्रमाने लावायला सांगायची. परीक्षकाने मध्ये बोलू नये, कारण विचारू नये, असा नियम होता.

मी स्टॉपवॉच हातात घेतले, तेव्हा ती भाकरी थापत होती. “करपलेल्या भाकरीचे मार्क कापणार का?” तिने विचारले. मी हसलो नाही. तिने हात पुसले आणि दहा सेकंदांच्या आत चित्रे लावून टाकली.

डावीकडे पहिले खळे होते आणि उजव्या टोकाला, शेवटी, नांगर. मी शून्य गुण दिले आणि पुढे शेरा लिहिला… ‘उतावळेपणा अधिक, विचारशक्ती सामान्याहून कमी.’

ती वाकून वाचत होती. मी कागद लपवला नाही, याची मला आज लाज वाटते.

त्याच आठवड्यात तिला प्राथमिक शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज द्यायचा होता. शनिवार शेवटचा दिवस होता. तुळजापूरच्या कचेरीत तो अर्ज मीच नेऊन देणार, असे ठरले होते. मी म्हणालो, “पाच चित्रे धड लावता येत नाहीत, चाळीस मुले काय सांभाळशील? अर्ज राहू दे.” ती “बरं” म्हणाली आणि तव्याकडे वळली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी अजीज गुरुजींना चाचणीला बसवले. आमच्या शाळेतले ते सर्वांत वयस्कर शिक्षक. त्यांनी चष्मा लावला, एकेक चित्र खिडकीपाशी धरून पाहिले, आणि पाच मिनिटांनी जी रांग लावली ती हुबेहूब इंदुमतीची होती. डावीकडे खळे, उजवीकडे नांगर.

एवढ्या मोठ्या माणसाला शून्य द्यायला माझा हात धजेना. नियम मोडून मी कारण विचारले…

गुरुजींनी उजव्या टोकाच्या चित्रावर बोट ठेवले. “हे काय सर, इथनं नांगर निघाला. मग पेरणी, खुरपणी, काढणी… आणि इथं खळं. आमची नजर इकडनंच चालती. बचपनची सवय. तुमची कुठनं चालती?”

गुरुजींचे सारे शिक्षण उर्दूत, उजवीकडून डावीकडे वाचत-लिहीत, झाले होते. आणि इंदुमती नळदुर्गला, निजामाच्या अमलातल्या शाळेत, उर्दूतूनच मिडल पास झाली होती. मी सोलापूरला मराठीतून शिकलेला. तिचे शिक्षण मला माहीत नव्हते असे नाही… ते तिच्या चित्रांशी जोडून पाहण्याइतका वेळ मी घेतला नव्हता. गुरुजींना मी कारण विचारले. तिला विचारले नव्हते.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेलो. शेरा चुकला असे तिला सांगायचे आणि तसाच अर्ज घेऊन तुळजापूर गाठायचे, एवढेच मनात होते.

तिने भरून ठेवलेला अर्ज कोनाड्यात नव्हता.

“तो काल दिला मी,” ती म्हणाली. “तुम्ही शाळेत गेलात, मी एसटीत बसले. पाचच्या आत परत आले.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असता. तारीख उद्याची आहे.”

मला संताप आला. मी काय सांगायला आलो होतो ते तोंडातच राहिले आणि भलतेच शब्द बाहेर पडले… ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. त्या संध्याकाळी मी कागदावरचा शेरा खोडला, पूर्ण गुण दिले, आणि कागद प्रबंधाबरोबर पाठवून दिला. तिला काहीच सांगितले नाही. आधी राग आडवा आला, पुढे संकोच.

तिला नोकरी मिळाली. तिने तीस वर्षांहून अधिक काळ मुले शिकवली, हे आपण जाणताच. पण भाजीत मीठ दोनदा पडले, किल्ली घरात राहून दार लागले, की ती स्वतःच म्हणे, “मी उतावळीच. ह्यांच्या कागदावर तसंच लिहिलंय.” लोक हसत. मी मान खाली घालून जेवत असे…

सांगायला मला साठ वर्षे मिळाली होती. विचार करून, योग्य वेळ पाहून सांगू, असे मी प्रत्येक वेळी ठरवले. जिला सांगायचे ती आता ऐकणार नाही, म्हणून ज्यांच्यासमोर ती स्वतःला उतावळी म्हणत असे, त्या आपणा सर्वांना सांगतो. इंदुमतीने पाचही चित्रे बरोबर लावली होती.