माझा आकडा तिनेही पाळला

"लघवीत साखर आहे. वजन एकशे ब्याण्णव पौंड. निदान चाळीस पौंड उतरायला हवं," परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. तहान फार लागायची, पायांना मुंग्या यायच्या. मी ते उकाड्यावर ढकलत आलो होतो. डायबेटीस, म्हणजे मधुमेह. याच रोगात माझ्या वडिलांचा पाय कापावा लागला होता. माझी बायको इंदू शेजारी बसली होती.

इस्पितळातल्या, आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी मला कॅलरी हा शब्द शिकवला. अन्नातून शरीराला किती शक्ती मिळते, ते मोजायचं हे माप. वय, उंची, बैठं काम असं सगळं विचारून त्यांनी सांगितलं, की आहे ते वजन टिकवायला मला दिवसाला बावीसशे कॅलरी लागतात. आता पंधराशेच खायच्या आणि रोज तासभर चालायचं. बाकीचं शरीर साठवलेल्या चरबीतून घेईल. चाललो म्हणून वर खायचं नाही, घाई म्हणून कमीही करायचं नाही.

त्यांनी लिहून दिलेला कागद इंदूने चुलीवरच्या फळीला चिकटवला. भाताची वाटी ठरली, आमटीतलं खोबरं गेलं, तळलेल्या बांगड्याऐवजी कालवणातला आला. पहाटे मी लालबागहून शिवडीपर्यंत चालत जाऊन यायचो. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. कर्फ्यू लागला की चाळीत, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतच फेऱ्या मारायचो.

पहिला महिना भुकेने जीव नकोसा झाला. मग सवय झाली. दर शनिवारी गिरणीच्या गोदामात, कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर मी उभा राहायचो. चार महिन्यांत एकवीस पौंड उतरले. विजार ढिली झाली, लघवीतली साखर कमी झाली. भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो.

एका दुपारी टाइम ऑफिसात निरोप आला. बायकांच्या मोर्च्यात इंदू चक्कर येऊन पडली होती. मला वाटलं, लाठी लागली. धावत इस्पितळात पोचलो. अंगावर जखम कुठेच नव्हती. डोळ्यांच्या पापण्या आतून मात्र पांढऱ्याफटक होत्या. ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, असं निदान झालं. तिला काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी पौंड.

"तुम्ही काय जेवता?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"ह्यांचं असतं तेच. थोडं कमी."

"कधीपासून?"

"ह्यांना कागद दिलात तेव्हापासून." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मोजून जेवणार आणि मी समोर पोटभर जेवू? घास उतरत नाही हो."

डॉक्टरांनी तिच्या कागदावरचा आमचा पत्ता वाचला. मग मला विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर पाणी कोण चढवतं?"

"ही."

"तो व्यायाम हिशेबात धरला होतात का कुठे?"

धरला नव्हता. चार महिने मी माझं वजन दर आठवड्याला बघितलं होतं. बायको रोज समोर वावरत होती, तिच्याकडे बघितलं नव्हतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, हे मला त्या खाटेपाशी बसल्यावर दिसलं.

अकरा दिवस ती इस्पितळात होती. आहाराच्या बाईंनी तिचा वेगळा कागद केला. तिचा आकडा माझ्याहून सहाशेंनी मोठा निघाला. घरी आल्यावर कळश्या मी चढवू लागलो. डॉक्टर म्हणाले, हे तुमच्या चालण्यात धरा, पण धाप लागली तर थांबा.

पहिले काही दिवस तिला जेवण जाईना. मी समोर बसून राहायचो, ताट संपेपर्यंत उठायचो नाही. एकदा तिने रागाने ताट सरकवलं, मग पुन्हा ओढून घेतलं. तिचं रक्त भरायला वर्ष लागलं. माझे चाळीस पौंड काही पुरे उतरले नाहीत, तेहतिसावर थांबले. साखर ताब्यात आहे, दोन्ही पाय शाबूत आहेत.

तुमच्या घरात कुणाला असा आकडा मिळाला, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, की घरातल्या बाकीच्यांनी काय खायचं. मी विचारलं नव्हतं. ज्यांनी न विचारता आम्हाला ते सांगितलं, त्या डॉक्टरांचे आणि त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. हल्ली आम्ही दोघं एकाच वेळी जेवतो. इंदूच्या ताटात भात जास्त असतो, आणि ती तो सावकाश, पोटभर खाते.